गाडीच्या आसनाला पाठीचा आधार: बांबूचा बाक आणि काथ्याची गादी

परभणीच्या एका तरुण यंत्र अभियंत्याने प्रश्न विचारला आहे. त्याचे वडील परभणी-जिंतूर मार्गावर काळी-पिवळी जीप चालवतात, दिवसाला चार-पाच खेपा होतात, आणि वर्षभरापासून संध्याकाळी त्यांना कमरेतून वाकणे कठीण जाते. बाजारातला फोमचा तक्क्या आणि तारेच्या चौकटीचा जाळीदार टेका, दोन्ही वापरून झाले. पहिला महिनाभरात दबून बसला आणि दुसरा टोचतो. बांधावर अंबाडी आहे, घरात कापूस आहे. अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचा तंतू, आणि कापूस एकत्र भरून पर्यावरणाला न जाचणारा आधार तयार करता येईल का, आणि जमल्यास गावातल्या बचत गटाकडून शिवून घेऊन तो विकता येईल का, असे त्याने विचारले आहे.

आधार तयार करता येईल. मात्र वाख आणि कापूस भरून केलेली उशी काम देणार नाही. हे दोन्ही जिन्नस उपयोगी आहेत, पण त्यांची जागा वेगळी आहे. वाळूजला वाहनांची आसने बनवणाऱ्या एका कारखान्यात आणि नंतर स्वतःच्या कुशनकामाच्या दुकानात मिळून माझी तीसहून अधिक वर्षे गेली. त्या अनुभवावर हे लिहीत आहे.

साहित्याकडे वळण्यापूर्वी एक सूचना. वडिलांची कळ मांडीमागून पोटरीपर्यंत उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा कमी झाल्यासारखे वाटत असेल, तर ते काम कुशनवाल्याचे नसून अस्थिरोगतज्ज्ञाचे आहे, आणि त्यात दिरंगाई करू नये.

आता पाठीकडे. उभ्या माणसाच्या कमरेला आतल्या बाजूने एक बाक असतो. कमरेचे पाच मणके त्या बाकात एकावर एक रचलेले असतात. माणूस बसला की खुब्यांच्या हाडांची परात मागे कलंडते आणि तिच्याबरोबर तो बाक सपाट होतो. अमेरिकी शल्यविशारद कीगन यांनी १९५३ साली क्ष-किरण चित्रे घेऊन दाखवले होते की, मांडी आणि धड यांच्यातला कोन काटकोनाकडे येत जातो तसा कमरेचा बाक नाहीसा होत जातो. पुढे स्वीडनच्या नाखेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. त्यांच्या आकड्यांबद्दल नंतर मतभेद झाले, पण पाठ मागे रेलली आणि कमरेला टेकू मिळाला की चकतीवरचा दाब उतरतो, ही गोष्ट टिकून राहिली. म्हणजे आधाराचे काम पाठीला मऊ लागणे हे नाही. मागे कलंडणारी ती परात थोपवणे हे आहे. मऊ उशी बोटांना छान लागते, पण अर्ध्या तासात ती परातीबरोबर मागे सरकते, आणि चालक पुन्हा पोक काढून बसतो. तुमच्या फोमच्या तक्क्याचे नेमके हेच झाले असणार.

हा टेकू कुठे हवा, यात बहुतेकांची चूक होते, आणि माझीही झाली होती. दुकान टाकल्यावर सुरुवातीच्या काळात मी एका मालट्रक चालकासाठी सात सेंटिमीटर जाडीचा गुबगुबीत आधार केला आणि तो कमरपट्ट्याच्या बराच वर, बरगड्यांच्या खालच्या कडेशी बसवला. आठ दिवसांनी तो माणूस आधार काखेत मारून परत आला. कमरेचे दुखणे जसेच्या तसे होते आणि वर खांद्यांच्या मध्ये नवी कळ सुरू झाली होती. उंचावर दिलेला टेकू छातीला पुढे ढकलतो, कंबर मोकळीच राहते. तेव्हापासून माझे माप ठरलेले आहे: चालक बसून आसन दबल्यावर, त्या दबलेल्या पृष्ठभागापासून पंधरा ते बावीस सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्यात आधाराचा सर्वांत फुगीर भाग यावा. बहुतेक माणसांत तो कमरपट्ट्याच्या रेषेवर किंवा बोटभर वर येतो. माणूस टेकल्यानंतर उरणारा फुगवटा दोन ते तीन सेंटिमीटर पुरे. आधाराच्या फुगीर भागाखाली दहा-बारा सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी, नाहीतर नितंब मागे जात नाहीत आणि संपूर्ण माणूसच आसनावर पुढे सरकतो.

चालकाच्या पाठीचे नेमके माप घेण्यासाठी माझ्याकडे यंत्र नव्हते, तेव्हा मी ज्वारी वापरत असे आणि आजही वापरतो. मांजरपाटाची साधारण ३५ बाय ४० सेंटिमीटरची पिशवी शिवावी, तीत ज्वारी निम्मी-पाऊण भरावी आणि ती आसनाच्या पाठीवर पट्ट्याने बांधून चालकाला रोजच्या रस्त्यावर वीस मिनिटे गाडी चालवू द्यावी. घरासमोर उभ्या गाडीत घेतलेले माप कामाचे नसते, कारण खड्ड्यांतून जाताना माणूस जसा बसतो तसा तो उभ्या गाडीत कधीच बसत नाही. चालकाला हलकेच पुढे झुकून उतरायला सांगावे. ज्वारीत पाठीचा ठसा उमटलेला असतो. त्या ठशावर जाड तांब्याची वायर वरून खाली दाबत न्यावी, वाकलेली वायर कागदावर ठेवून पेन्सिल फिरवावी. असे तीन वेगवेगळ्या दिवशी करावे. तिन्ही रेषा एकमेकींवर बसल्या नाहीत तर मधली धरावी. आणि ठसा एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ दिसला, तर आधार शिवण्याआधी पुढचा परिच्छेद वाचावा.

काळी-पिवळीत चालकाच्या शेजारी किती माणसे बसतात, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. चालक दाराला टेकून अर्ध्या आसनावर बसतो, धड एकीकडे आणि पाय दुसरीकडे. त्यात मागच्या खिशात कागदपत्रांचे फुगलेले पाकीट असेल, तर एक खुबा दोन बोटे वर. अशा स्थितीत कमरेच्या मागे जगातला उत्तम आधार दिला तरी तो एका अंगालाच लागतो. पाकीट तर आजच खिशातून काढावे. शेजारच्या माणसांबद्दल मी काय बोलणार, तो खेपेच्या कमाईचा प्रश्न आहे. पण दुखण्याचा मोठा वाटा तिथे आहे, हे वडिलांना स्पष्ट सांगा. त्याच वेळी आसनही तपासा. पाठ आसनाशी शंभर ते एकशे दहा अंशांत रेललेली असावी, खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट सुकाणूच्या वरच्या कडेवर पोहोचावे, आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा. जुन्या जीपचे सलग बाकडे मागेपुढे होत नसेल, तर आधाराच्या जाडीचा उपयोग हे अंतर सुधारण्यासाठीही करता येतो.

हादऱ्यांबद्दलही गैरसमज आहे. बसलेल्या माणसाचा कणा वर-खाली हादऱ्यांना सेकंदाला साधारण चार ते सहा आवर्तनांच्या टप्प्यात सर्वांत जास्त झुलतो, आणि मऊ फोम व स्प्रिंगची आसने नेमकी त्याच्याच आसपास हादरा कमी करण्याऐवजी वाढवून वर पोहोचवतात. ट्रॅक्टरवर हे फार जाणवते. दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस ओढणाऱ्या चालकांनी माझ्याकडून पाठीचे आधार नेले आहेत, आणि मी त्यांना दर वेळी सांगितले की, हा हादरा बुडाखालून येतो, पाठीमागचा आधार तो अडवू शकत नाही. टायरमधली हवा, पाट्यांचे बुश आणि शॉकअप यांवर खर्च केलेला पैसा तिथे जास्त कामी येतो. जीपलाही हेच लागू आहे.

आता साहित्य. अंबाडी हे वाखाचे पीक आहे. तिचा तंतू खोडाच्या सालीतून निघतो. परदेशात तिलाच केनाफ म्हणतात आणि मोटारींच्या दारांच्या आतल्या फळ्यांत तिचे तंतू प्लॅस्टिकबरोबर दाबून वापरतात. हा तंतू ओढीला भक्कम असतो, पण दाबून सोडल्यावर उसळत नाही. म्हणून तो उशीत भरला की महिनाभरात चप्पा होतो, आणि दोरी वळली की वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या आजोबांनी त्याचे दावे, कासरे आणि सोल वळले, उशा भरल्या नाहीत, ते उगाच नव्हे. दुसरी गोष्ट, वाख काढायला खोडे दहा-पंधरा दिवस पाण्यात कुजवावी लागतात, आणि ते पाणी नंतर गुरांच्याही कामाचे राहत नाही. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या आपल्या भागात वाखाला आपोआप हरित ठरवणे मला पटत नाही. दोऱ्यांपुरती अंबाडी ठीक. तिचे पोत्यांनी उत्पादन घेण्याचा विचार विहिरीला पाणी असलेल्या वर्षीच करावा.

कापसाचा दोष वेगळा आहे. तो घाम शोषतो, ओलसर होतो, दबतो आणि गोळे धरतो. घरची गादी दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतो, ती याच कारणाने. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या आसनाची घरी कापूस भरून शिवलेली पाठ माझ्याकडे उसवायला आणली होती. आतून लिंबाएवढे घट्ट गोळे निघाले, आणि खालच्या कोपऱ्यात उंदराने चार पिलांचा संसार मांडलेला. रात्री शेतात उभ्या राहणाऱ्या वाहनात कापूस भरताना उंदराचाही हिशोब धरावा लागतो. कापूस वापरायचा तो विणून: नवार म्हणून आणि वरच्या कापडासाठी.

उसळी देणारा जिन्नस हवा असेल तर तो काथ्या आहे, तोही रबराच्या चिकात बुडवून दाबलेला. गादीवाल्यांकडे तो रबराइज्ड कॉयर या नावाने तक्त्यांत मिळतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या आसनांत काथ्याच्या गाद्या असत, आणि मर्सिडीजने ब्राझीलमध्ये नारळाच्या तंतूंची आसनपाठ वापरली, म्हणजे हा काही नवा प्रयोग नाही. काथ्याच्या तंतूंमध्ये हवा खेळती राहते, घाम आत अडकत नाही, आणि परभणीच्या मे महिन्यात ही गोष्ट दाब-उसळीइतकीच मोलाची आहे. अडीच सेंटिमीटर जाडीचा, घनमीटरला सत्तर-ऐंशी किलो घनतेचा तक्ता घ्यावा. त्याहून हलका लवकर बसतो. नारळ काही मराठवाड्यात पिकत नाही, तो कोकणातून किंवा दक्षिणेतून येणार, त्याला वाहतुकीचा धूर आहेच. तरीही खनिज तेलापासून बनणाऱ्या, जाळला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू सोडणाऱ्या पॉलियुरेथेन फोमपेक्षा मी त्यालाच पसंती देतो.

सोयाबीनच्या फोमबद्दलही कोणीतरी तुम्हाला सांगेल. लातूरच्या आडतीतले सोयाबीनचे ढीग पाहिले की ही कल्पना मोहात पाडते. फोर्डने २००८ च्या मस्टँगच्या आसनांत सोयातेलापासून केलेला फोम वापरला, हे खरे आहे. पण त्यात फोमच्या दोन मुख्य घटकांपैकी पॉलिऑलचा काही भाग तेवढा सोयाचा असतो. दुसरा घटक, आयसोसायनेट, खनिज तेलातूनच येतो, आणि तो हाताळणे बचत गटाच्या खोलीत अजिबात सुरक्षित नाही. फोमच वापरायचा असेल तर कारखान्यांच्या कातरणीपासून जोडलेला रिबॉन्ड फोम वापरावा. तो टणक असतो, स्वस्त असतो आणि नव्या तेलाची मागणी वाढवत नाही.

माझी रचना अशी आहे. मानवेल बांबूच्या ३६ सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद आणि चार मिलिमीटर जाड अशा पाच कामट्या घ्याव्यात. शक्यतो दोन पेरांच्या मधला भाग घ्यावा. पेर आलेच तर ते टोकाला यावे, कारण बाक दिल्यावर कामटी पेराशीच तडकते. बांबूची हिरवी पाठ फुगीर बाजूस ठेवावी, ताण तीच सोसते. कामट्या उभ्या, मध्ये चार-पाच सेंटिमीटर अंतर सोडून मांडाव्यात आणि त्यांवरून आडवी सुती नवार बाजेसारखी विणून घ्यावी. मग प्रत्येक कामटीच्या मागून, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, अंबाडीची वळलेली दोरी धनुष्याच्या प्रत्यंचेसारखी बांधावी. दोरी आवळली की कामटीला पुढे बाक येतो. ३६ सेंटिमीटरच्या कामटीची टोके जेमतेम सात मिलिमीटर जवळ आली तरी मध्ये तीन सेंटिमीटर बाक मिळतो, म्हणून गाठ मारण्याऐवजी दोरीला लाकडी खुंटी लावून पीळ देण्याची सोय ठेवावी. अर्ध्या-एका पिळात वडिलांना हवा तेवढा बाक मिळेल. महागड्या मोटारींच्या आसनांत जो कमरेचा आधार बटणाने पुढे येतो, त्यांतल्या अनेकांचे तत्त्व हेच आहे, तिथे दोरीऐवजी केबल आणि कामटीऐवजी लवचिक पट्टी असते. अंबाडी ओली झाली की आखडते, म्हणून पावसाळ्यात पीळ किंचित सैल करावा लागेल.

विणलेल्या नवारीपुढे काथ्याचा तक्ता, त्यावर घोंगडीच्या जुन्या तुकड्याचा एक पातळ थर आणि वर नांदेडची जाड खादी. रेक्झीन नको. ते पुसायला सोपे असले तरी जूनच्या आत पाठीवर घामोळे उठवते. खोळीला चेनऐवजी बंद लावावेत. चेन आधी तुटते, आणि एका चेनीपायी पूर्ण आधार कचऱ्यात जातो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. खोळ, तक्ता, नवार, दोरी हे सगळे सुटे होणारे आणि सुटे मिळणारे ठेवले, तर पाच वर्षांत फार तर तक्ता एकदा बदलावा लागेल. कोणता तंतू वापरला यापेक्षा वस्तू किती वर्षे कचऱ्यात जात नाही, यावर पर्यावरणाचा हिशोब जास्त अवलंबून आहे, असे माझे मत झाले आहे.

बांबूला भुंगा लागतो. टाकणखार आणि बोरिक आम्ल पाण्यात विरघळवून कामट्या त्यात बुडवून ठेवल्या आणि सावलीत वाळवल्या तर तो टळतो, आणि याच द्रावणाने काथ्याची व घोंगडीची पेट घेण्याची प्रवृत्तीही कमी होते. ते पाण्यात धुऊन जाते, म्हणून धुण्याच्या खोळीला लावून उपयोग नाही, आतल्या थरांनाच लावावे. हातमोजे घालावेत आणि पोरांना दूर ठेवावे.

विकण्याचा विचार आहे म्हणून सुरक्षिततेबद्दल थोडे कडक बोलतो. वाहनाच्या आतल्या साहित्यासाठी ज्वाला पसरण्याच्या वेगाची मर्यादा असते; अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ या मानकात ती मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे, आणि भारतात आयएस १५०६१ हे मानक आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घेतल्याशिवाय पन्नास आधार विकू नका. ज्या आसनाच्या बाजूच्या शिवणीतून एअरबॅग फुटते, त्याच्या कडेवरून पट्टा किंवा खोळ जाता कामा नये; अशा गाड्यांसाठी बांबूची चौकटच देऊ नका, मधोमध बसणारी नुसती काथ्याची पातळ गादी द्या. चौकट द्यायची ती जुन्या जीप आणि ट्रॅक्टरसाठी, तीही मागच्या बाजूस कापड चिकटवून, म्हणजे कामटी तुटली तरी कूस बाहेर येणार नाही. आणि जाडी वाढवत नेण्याचा मोह टाळा. पाठ पाच सेंटिमीटर पुढे आली की डोके मागच्या उशीपासून तेवढेच दूर जाते, आणि मागून धक्का बसला तर मान त्या मोकळ्या जागेत झटका खाते. सुकाणूत एअरबॅग असेल तर छाती तिच्यापासून किमान पंचवीस सेंटिमीटर लांब राहिली पाहिजे, हेही पाहावे.

पहिले तीन नमुने वडिलांसाठीच करा: दोन, अडीच आणि तीन सेंटिमीटर बाकाचे. प्रत्येक आठ दिवस वापरू द्या आणि कसे वाटते ते सकाळी विचारू नका, शेवटची खेप संपल्यावर विचारा. पहिले दोन दिवस कोणताही योग्य आधार परकाच लागतो, त्यावरून निकाल देऊ नका. बचत गटाला काम देण्याआधी एक नमुना मे महिन्यात काचा बंद केलेल्या गाडीत तीन दिवस भर उन्हात ठेवा आणि चौथ्या दिवशी दुपारी दार उघडून वास घ्या. रबराचा मंद वास येईल, तो आठवड्यात जातो. डोळ्यांना झोंबणारा वास आला, तर दोष तुमच्या गोंदाचा आहे. मागचे कापड मग गोंदाने न चिकटवता नवारीच्या कडांना शिवून टाका.